पिशवी माझी, उत्तर सासूबाईंचं

माझ्या पोटात गाठी आहेत हे माझ्या आधी माझ्या नणंदेला कळलं, आणि तिला कळलं म्हणजे अख्ख्या आळीला कळलं. सोनोग्राफीच्या खोलीत ती माझ्याबरोबर आत घुसली होती. मी पोट उघडं टाकून पडलेली, पोटावर ते गारढोण चिकट जेल फासलेलं, आणि ही मान लांब करून डॉक्टरला विचारतेय, "ते गोल गोल काय दिसतंय?" येताना रिक्षात बसल्या बसल्या तिने चारजणींना फोन केले. मी घरी पोचले तर समोरच्या काकू ओट्यावर येऊन उभ्याच होत्या. "काढून टाक गं पिशवी, काय नाय होत," म्हणाल्या. अजून माझी चप्पल पायातच होती.

मी मूळची कर्जतची. वडील शाळेत शिक्षक, घरात पुस्तकं, बोलणं जरा शिष्ट. लग्न होऊन आले खालापूरच्या बाजूला, भातशेतीच्या घरात. नवरा खोपोलीच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो. घरात सासूबाई, धाकटा दीर, जाऊ आणि त्या दोघांची तीन मुलं. नणंद खोपोलीतच दिलेली, त्यामुळे ती गेलीय कधी आणि आलीय कधी हे कळतच नाही. पडवीत माझं मशीन आहे. मी ब्लाउज शिवते. आसपासच्या पाच-सहा गावांतल्या बायका येतात, लग्नसराईत तर पाठ टेकायला मिळत नाही.

मला मूल नाही. एकदा राहिलं होतं, तिसऱ्या महिन्यात गेलं. त्याला बरीच वर्षं झाली. त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही आणि मीही काढू दिला नाही.

आता आमच्या घरची एक पद्धत सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिनेच घातला. आमच्या घरात कुठलं मूल कोणाचं हे बोलायचं नसतं. मुलं घरची. पाहुण्याने विचारलं, मुलं किती, की सासूबाई म्हणणार, तीन. जाऊ म्हणणार तीन, मी म्हणणार तीन. मोठ्या दोघांचे शाळेचे डबे मीच भरते, गणवेश मीच शिवते, आणि धाकटी, ती चार वर्षांची, माझ्या कुशीतच झोपायची. तिन्ही मला मोठी आई म्हणतात. मला ही पद्धत फार आवडायची. माहेरी गेले की मी ती कौतुकाने सांगायचे, जसा काही हा शोध मीच लावलाय.

त्या वेळी माझे हाल कुत्रा खात नव्हता. पाळी आली की आठ-दहा दिवस जायचीच नाही, आणि साधी नाही, गोळेच्या गोळे पडायचे. मशीनवर बसताना खाली जुनी चादर दुहेरी घालून बसायचे. उठताना आधी मागे बघायचं, मग गिऱ्हाइकाकडे बघून हसायचं. काळ्या परकराशिवाय दुसरा परकर मी कित्येक महिने नेसले नाही. लघवीला सारखं जावंसं वाटायचं. पाण्याचा हंडा उचलून चार पावलं टाकली की धाप लागायची आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. सासूबाई म्हणायच्या, "बायकांचं असंच अस्तं." मीही तेच मानून चालले होते.

सोनोग्राफी झाल्यावर मला तालुक्यातल्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. नेलं असंच म्हणायला हवं. नणंदेच्या ओळखीचे डॉक्टर. सासूबाई आणि नणंद खुर्च्यांवर बसल्या, मला आत टेबलावर पाठवलं. डॉक्टरांनी तपासलं, हात धुतले आणि बाहेर गेले. मी पडद्यामागे परकराची नाडी बांधत होते तेव्हा त्यांचा आवाज आला.

"मुलं किती?"

"तीन हायेत, देवाच्या दयेनं," सासूबाई म्हणाल्या.

"मग प्रश्नच मिटला."

मी हे स्पष्ट ऐकलं. आणि खरं सांगते, मला त्यात काहीच खटकलं नाही. घरात रोज ऐकते तेच उत्तर होतं ते. मी बाहेर येऊन बसले तोवर सगळं ठरलेलं होतं. डॉक्टर नणंदेला सांगत होते की गाठी पुन्हा पुन्हा होतात, त्यापेक्षा पिशवीच काढून टाकू, कायमची कटकट जाईल. सासूबाईंनी विचारलं, "लावणीच्या आधी व्हईल ना?" अंगात रक्त फार कमी आहे, थोडे आठवडे औषध घेऊन मग करू, असं ते म्हणाले. माझ्याकडे बघून त्यांनी एकच वाक्य टाकलं, "घाबरायचं नाही." त्यांनी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. मिळालेल्या उत्तरावर त्यांनी इलाज सांगितला. पण पोट जिचं ती पडद्याआड उभी होती, तिला विचारायला त्यांना दोन पावलंसुद्धा चालावं लागलं नसतं.

मग घरी बायकांची रीघ लागली. तेव्हा मला कळलं की आमच्या भागात पिशवी काढलेल्या बायकांचा केवढा गोतावळा आहे. कुणाची तिशीत काढलेली, कुणाची पस्तिशीत. कशासाठी काढली, हे दोघी-तिघींना सांगताच येईना. डॉक्टर म्हणाले, काढली. नणंदेची वर्षापूर्वीच काढली होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "मला बघ की. कशी मोकळी झाले." तिचं दुखणं काय होतं देव जाणे, तिला ते बरं पडलं असेल तर आनंद आहे. पण स्वतःचं औषध दुसरीच्या घशाखाली ओतायची तिला भारी हौस.

एक दिवस मी पडवीत हुक लावत बसले होते. आत सासूबाई समोरच्या काकूंबरोबर तांदूळ निवडत होत्या. काकू म्हणाल्या, "तिला एक पोर होऊन दिलं असतं तर बरं." त्यावर सासूबाई अगदी सहज, खडा काढून टाकावा तशा बोलल्या, "तशी पन रिकामीच हाय. ठेवून काय करायची?"

सुई माझ्या बोटात घुसली. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की वाटलं, आत जाऊन ते सूप त्यांच्या डोक्यावर पालथं करावं. म्हणजे पाहुण्यांसमोर आणि डॉक्टरसमोर आमची मुलं तीन, आणि तांदूळ निवडताना माझी पिशवी रिकामी. दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या, जिथे जी सोयीची तिथे ती काढायच्या. नवऱ्याला मी हे सांगितलं. तो माणूस वाईट नाही, पण आईपुढे मूग गिळून बसण्याची त्याला लहानपणापासूनची सवय. म्हणाला, "आईच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. तुझा त्रास तर जाईल ना." मी त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं नाही.

सासूबाईंवर मी त्याच आठवड्यात पहिला हात साफ केला. त्यांच्या भाचीच्या लग्नासाठी त्यांचा ब्लाउज माझ्याकडेच होता. मी तो काखेत चांगला आवळून शिवला, आणि घालून बघायला वेळ उरू नये म्हणून निघताना हातात दिला. मंगलाष्टकं चालू झाली तरी त्यांचा हात खांद्याच्या वर जाईना. अक्षता त्या पुढच्या बाईच्या पाठीवर टाकत होत्या. मी शेजारी उभी राहून नवरानवरीवर मूठ भरभरून टाकल्या. फार बरं वाटलं मला, आजही वाटतं.

पण ब्लाउज आवळून पोट वाचत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाने पनवेलच्या एका डॉक्टरीणबाईंबद्दल सांगितलं होतं. अस्तर आणि हुक आणायला जाते असं घरात सांगून मी एकटी एसटीत बसले. बरोबर कुणी नाही, खुर्चीवर बसून माझ्यासाठी बोलणारं कुणी नाही. डॉक्टरीणबाई साठीच्या असतील, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. रिपोर्ट बघता बघता त्यांनी विचारलं, "मुलं किती?"

आणि मी म्हणाले, "तीन."

"तिन्ही नॉर्मल, की सिझर?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं मी काय बोलले ते. मग मी म्हणाले, "ती जावेची आहेत."

"आणि तुमची?"

"एकही नाही."

त्यांनी रिपोर्ट खाली ठेवला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "तुम्हाला हवंय?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सासरी नाही, माहेरी नाही, नवऱ्यानेही नाही. मला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संताप. सगळ्यांत जास्त राग माझा मलाच आला, कारण सासूबाईंचं उत्तर आता माझ्याच तोंडून आलं होतं. मी म्हणाले, "हो. हवंय." पस्तिशीच्या बाईने हे मोठ्याने म्हणायला लाज वाटेल असं मला वाटलं होतं. काही लाज वाटली नाही.

मग त्यांनी एका कागदावर पेरूसारखा आकार काढला. ही पिशवी. या गाठी तिच्याच मांसाच्या असतात, म्हणाल्या, कॅन्सर जवळजवळ कधीच नसतो. कितीतरी बायकांना असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. गाठ केवढी आहे यापेक्षा ती कुठे बसलीय ते महत्त्वाचं. बाहेरच्या अंगाला असेल तर ती लघवीच्या पिशवीवर दाबते, आतल्या पोकळीत डोकं काढत असेल तर रक्त जातं. माझ्या पिशवीच्या भिंतीत एक मोठी होती, तिचं तोंड आतल्या बाजूला. बाकी बारीकसारीक.

"आता काय काय करता येतं ते सांगते, मध्येच मान हलवू नका, कळलं नाही तर विचारा," असं म्हणून त्या बोलत गेल्या. त्रास नसेल तर काहीच न करता नुसतं लक्ष ठेवायचं. पाळी कायमची जायची वेळ जवळ आली असेल तर तेही चालतं, कारण मग गाठी आपोआप सुकतात. रक्त कमी जाण्यासाठी गोळ्या असतात, त्यांनी गाठ जात नाही पण बाई माणसांत येते. तांबीसारखं एक साधन आत बसवतात, त्यातून औषध पाझरतं, मात्र ते असेतो मूल राहत नाही, आणि गाठीने आतला आकार बिघडवला असेल तर ते टिकतही नाही. गाठी लहान करायची इंजेक्शनं आहेत, पण ती थोड्या काळापुरती, थांबवली की गाठी परत वाढतात. मांडीतल्या नसेतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करता येतो, पण ज्या बाईला मूल हवंय तिला शक्यतो ते सांगत नाहीत. नुसत्या गाठी काढून पिशवी ठेवता येते. आणि पिशवी पूर्ण काढता येते.

"पिशवी काढणं वाईट नाही," त्या म्हणाल्या. "पुष्कळ बायकांना तेच बरोबर असतं, मी स्वतः करते. पण ते त्या बाईने समजून ठरवलेलं असावं."

मी त्यांना म्हणाले, आमच्याकडे एक शिवण बिघडली तर तेवढीच उसवतात, अख्खा ब्लाउज फेकत नाहीत. त्या म्हणाल्या, कधी कधी कापडच विरलेलं असतं, मग फेकावा लागतो. तुमचं कापड चांगलं आहे. आणि लगेच माझं विमान खाली उतरवलं. गाठी पुन्हा होऊ शकतात. मूल होईलच अशी हमी मिळणार नाही. झालं तर बाळंतपण बहुधा पोट उघडूनच. आणि ऑपरेशनच्या टेबलावर रक्त आवरलंच नाही, जिवावर बेतलं, तर पिशवी काढावी लागू शकते. क्वचित होतं असं, पण सही त्यासाठीही द्यावी लागेल. मी विचारलं, "ठेवायचा प्रयत्न तर कराल?" त्या म्हणाल्या, "जीव तोडून."

एसटीत मी खिडकीशी बसून सारखी तीच वाक्यं मनात घोळवत होते. अस्तर आणायचं विसरले.

रविवारी घरात सगळे जमले. नणंद आली होती, आमरस होता. जेवणं झाल्यावर सासूबाईंनी विषय काढला. पावसाच्या आत तारीख घ्या, लावणीला घरात रांधायला बाई नको का. मी पदर खोचून उभी राहिले.

"काढते पिशवी," मी म्हणाले. "उद्या म्हणाल तर उद्या. फक्त एक करा. आपल्याला तीन मुलं आहेत ना? मग त्यातलं माझं कुठलं ते आज सगळ्यांसमोर सांगा. माझ्या नावावर करा. मग मला दुसरं काही नको."

धाकटी माझ्या पायाशी बसून कोय चोखत होती. जावेने हात लांब करून तिला दंडाला धरलं आणि आपल्या मांडीवर ओढून घेतलं. तिने मुद्दाम नाही केलं ते. तिचा हातच गेला.

"असं कुटं अस्तं काय?" सासूबाई म्हणाल्या.

"नसतं ना? मग डॉक्टरला तीन का सांगितलंत?"

"घरात तीनच हायेत. खोटं काय बोलले मी?"

"खोटं नाही बोललात. पण डॉक्टर घराचं पोट तपासत नव्हते, माझं तपासत होते. तुम्ही तीन म्हणालात म्हणून ते काढायला निघाले. आणि काकूंना काय सांगितलंत? रिकामीच आहे. मी पडवीतच होते."

सासूबाईंचा चेहरा उतरला. नणंद म्हणाली, "वहिनी, आईशी असं बोलतात का?" मी तिला म्हणाले, "तू गप्प बैस. माझ्या पोटात तू एकदा डोकावलीस, तेवढं पुरे." दीर उठून अंगणात गेला. मी पनवेलच्या डॉक्टरांचं सगळं सांगितलं, गाठी निघतील आणि पिशवी राहील, आणि हात धुवायला निघून गेले.

याची किंमत मला मोजावी लागली. जाऊ कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. धाकटीला तिने आपल्याजवळ झोपवायला सुरुवात केली. मला सासूबाईंना झोडायचं होतं आणि फटका बसला तो जावेला. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण मी शब्द मागे घेतला नाही, कारण त्या घरात तेवढं एकच वाक्य असं होतं की ज्यावर कुणाला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टला निघताना नवरा मशीनपाशी थांबला. डबा हातात घेऊन म्हणाला, "पनवेलला कधी जायचं? मी रजा टाकतो." त्याचं एवढंच. पण आईच्या देखत म्हणाला.

रक्त वाढवायला सलाईनमधून लोहाची इंजेक्शनं झाली, गोळ्यांनी पाळी आवरली आणि तारीख ठरली. सासूबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, तरी त्या आल्या. त्यांना अजून वाटत होतं की आत गेल्यावर डॉक्टर आपल्या मनानेच काय ते करतील. मला स्ट्रेचरवरून नेत होते तेव्हा कॉरिडॉरमध्ये त्यांनी डॉक्टरीणबाईंना गाठलं. हळू बोलल्या, पण मी ऐकलं. "आत गेल्यावर बगा आन् काढूनच टाका. ती पोर हट्टी हाय."

"पेशंटने काय सांगितलंय ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

भूल द्यायच्या आधी मी त्यांना जवळ बोलावलं. "काढलेलं नातेवाइकांना ट्रेमधून दाखवता ना?" त्या हो म्हणाल्या. "मग आमच्या सासूबाईंना बोलवा. पहिलं त्यांना." मास्कवरून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "बरं." देवाकडे मी काही मागितलं नाही. मागितलं असतं तर सूडच मागितला असता. मी फक्त घाबरले होते. जागी होईन तेव्हा आत काय असेल आणि काय नसेल, हे मला माहीत नव्हतं. त्या दिव्याखाली मी दोन्ही हात ओटीपोटावर घट्ट धरून ठेवले होते, नर्सने ते सोडवून बाजूला ठेवले.

शुद्धीवर आले तेव्हा नवरा उशाशी होता. जीभ जड झालेली. मी विचारलं, "आहे?"

"आहे," तो म्हणाला.

थोड्या वेळाने त्याने सगळं सांगितलं. रक्त बरंच गेलं होतं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या, मधे एकदा नर्स धावत बाहेर आली होती. मग ट्रे आला. एक गाठ कैरीएवढी, बाकी सुपारीएवढ्या, पांढुरक्या, टणक. बाईंनी सासूबाईंना नावाने बोलावून पुढे उभं केलं. सासूबाई वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन् पिशवी? पिशवी कुटं हाय?"

"पोटात आहे. जिची तिच्याकडे," बाई म्हणाल्या.

मी नवऱ्याला ते पुन्हा सांगायला लावलं. आईचं तोंड कसं झालं तेही विचारलं. तो म्हणाला, पुरे आता, तरी मी पुन्हा सांगायला लावलं. हसले तर टाके ओढले जायचे, तरी हसू आवरेना.

संध्याकाळी सासूबाई आत आल्या. स्टुलावर बसल्या, पदराची गाठ सोडत आणि बांधत राहिल्या. त्यांची नजर मी अजिबात चुकवली नाही. मग त्यांनी विचारलं, "लई दुखतंय का गं?"

"दुखतंय," मी म्हणाले. "आहे ना अजून, म्हणून दुखतंय."